बजेटमधला मोठा टीव्ही: आधी भिंत मोजा, मग ऑफर बघा

गणपती जवळ आले की माझा फोन सुरू होतो. "चाळीस हजारांत पंचावन्न इंची कुठला घेऊ?" मी विचारतो, सोफ्यावरून भिंत किती लांब आहे? पलीकडे शांतता. मग, "थांब, मोजून सांगतो." बऱ्याच जणांनी तोवर मॉडेल ठरवलेलं असतं, एखाद्याने पैसेही भरलेले असतात, आणि माझ्याकडून फक्त "चांगला आहे" एवढं ऐकायचं असतं.

लोक टीव्ही वाईट निवडतात असं नाही. क्रम चुकतो. आधी ऑफर, मग इंच, मग खोक्यावरची फीचर्स, आणि टीव्ही घरात आल्यावर भिंत. हा क्रम उलटा करायचा आहे. खालचे टप्पे ४३ ते ६५ इंचांच्या टीव्हीसाठी आहेत, आणि बजेट आखडतं आहे असं धरलं आहे. खिसा मोकळा असेल तर निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

## टप्पा १: टेप आणि जुनी वर्तमानपत्रं

मोजायचं ते डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं नाही. दहा फुटी हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असला तरी माणसाचे डोळे भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे असतात. टीव्ही समोरच्या भिंतीवर लावला तर हातात आठ फूट उरतात, टीव्ही युनिटवर ठेवला तर सात.

आता सोपा हिशोब. हे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या आणि १.६ ने भागा. येईल तो पडद्याचा कर्ण, तोही सेंटिमीटरमध्येच, आणि आपल्याकडे खोक्यावर तोच आकडा छापलेला असतो. आठ फूट म्हणजे २४४ सेंटिमीटर, भागाकार १५२. म्हणजे ५५ इंची (१३९ सेंमी) आरामात, ६५ इंची (१६४ सेंमी) जरा अंगावर येणारा. सात फुटांवर उत्तर १३३ येतं. तिथे ५० किंवा ५५. घरात जुने साधे चॅनल जास्त चालत असतील तर मी १.६ ऐवजी २.२ ने भागतो. का, ते दुसऱ्या टप्प्यात.

कर्ण कळला तरी भिंतीवर नेमकी किती जागा जाणार ते कळत नाही. पडद्याची रुंदी आणि उंची साधारण अशी असते:

- ४३ इंच: ९५ × ५४ सेंमी
- ५० इंच: १११ × ६२ सेंमी
- ५५ इंच: १२२ × ६९ सेंमी
- ६५ इंच: १४४ × ८१ सेंमी

वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून या मापाचा आयत करा आणि भिंतीवर लावून दोन दिवस तसाच ठेवा. घरचे हसतील, हसू द्या. या दोन दिवसांत ज्या गोष्टी दिसतात त्या दुकानात कधीच दिसत नाहीत. बाल्कनीचं दार उघडलं की कडेला आपटतं. स्विचबोर्ड अर्धा झाकला जातो. संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन नेमकं त्या कागदावर पडतं. ऊन पडत असेल तर जागा बदला किंवा खिडकीच्या जाड पडद्याचे पैसे धरा. बजेटमधला कुठलाही टीव्ही त्या उन्हाला पुरा पडत नाही.

टीव्ही भिंतीवर न लावता युनिटवर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर पाहा. ते वेबसाइटवर "स्टँडसह माप" या ओळीच्या आसपास किंवा आकृतीत असतं. मोठ्या टीव्हीचे पाय बहुधा दोन टोकांना असतात. माझ्या मेहुण्याने ५५ इंची आणला. युनिट साडेतीन फुटांचं, आणि पाय त्याच्या दोन्ही बाजूंना हवेत. युनिटवर प्लायवूडची फळी टाकून तो टीव्ही आठ महिने उभा होता. फळीवर बहिणीने क्रोशाचं कापड घातलं, म्हणून पाहुण्यांना कळलं नाही इतकंच.

आणखी एक नोंद: घरात कोण कुठे बसतं? सगळे समोर बसत असतील तर ठीक. कोणी कायम बाजूच्या दिवाणावर असेल तर तो कोन लिहून ठेवा. पॅनल निवडताना हाच कागद कामाला येईल.

तपासा: ५५ इंचीचं खोकं साधारण साडेचार फूट लांब आणि पावणेतीन फूट उंच असतं, आणि ते उभंच न्यावं लागतं. लिफ्टमध्ये, जिन्याच्या वळणावर, चाळीच्या दारातून ते जाईल का?

## टप्पा २: घरात खरोखर काय बघितलं जातं?

"आम्ही ओटीटीच बघतो" असं सगळे सांगतात. तीन दिवस कागदावर लिहा. सात ते दहा मराठी मालिका, सकाळी बातम्या, रविवारी मॅच, आणि आठवड्याला एखादी वेबसिरीज, असं चित्र निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

याचा टीव्हीशी संबंध थेट आहे. साध्या एसडी चॅनलचं चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं असतं. फोर-के पडदा ३८४० × २१६० ठिपक्यांचा. गुणाकार करून पाहा: बरोबर वीस पट. म्हणजे चॅनलकडून आलेल्या एका ठिपक्याचे टीव्हीला वीस ठिपके करायचे असतात, आणि स्वस्त टीव्हीचा प्रोसेसर ते काम जेमतेम करतो. चेहरे मेणाचे दिसतात, बातम्यांची खालची पट्टी फाटते. "नवा टीव्ही आणला आणि चित्र जुन्यापेक्षा वाईट" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. टीव्ही बिघडलेला नसतो. पडदा मोठा झाला, चित्र तेवढंच राहिलं.

उपाय दोन. एक, एचडी सेट-टॉप बॉक्स आणि ज्या चार-पाच चॅनलवर घर चालतं त्यांचे एचडी चॅनल पॅकमध्ये घ्या. मुख्य मराठी मनोरंजन वाहिन्यांपैकी काहींचे एचडी चॅनल आहेत, सगळ्यांचे नाहीत, म्हणून तुमचा चॅनल आहे का ते डिशवाल्याला किंवा केबलवाल्याला विचारा. दोन, पडदा लहान घ्या.

एचडी बॉक्स असूनही घोळ होतो. मावशीकडे गेलो तर नवा ५० इंची टीव्ही, एचडी बॉक्स, एचडी पॅकचे पैसे दर महिन्याला जाताहेत, आणि चित्र भुरकट. मागे हात घातला तर बॉक्समधून पिवळी-लाल-पांढरी वायर निघालेली. केबलवाल्याने जुन्या टीव्हीची वायर नव्यालाही जोडून दिली होती. त्या वायरीतून एचडी जातच नाही. दोनशे-तीनशे रुपयांची एचडीएमआय केबल लावली, बॉक्सच्या मेनूमध्ये आउटपुट १०८० केलं, आणि मावशी म्हणाली, "अगं बाई, हिच्या साडीला काठ आहेत होय!"

ओटीटीसाठी तीन गोष्टी बघा. फोर-के चित्र बहुतेक सेवांच्या महागड्या प्लॅनमध्येच मिळतं; नेटफ्लिक्सवर तर फक्त प्रीमियममध्ये. तुमचा प्लॅन खालचा असेल तर टीव्ही फोर-के असूनही चित्र फुल एचडी किंवा त्याहून कमी येईल. दुसरं, नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग मागतं आणि तासाला साधारण ७ जीबी डेटा खातं. घरच्या फायबरला हे जड नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र रोजचा डेटा पहिल्या एपिसोडलाच संपेल. तिसरं, ज्या भिंतीवर टीव्ही येणार तिथे फोन धरून वेग मोजा. राउटरजवळ मोजून उपयोग नाही. बीमच्या पलीकडे, दोन भिंती ओलांडून ५ गिगाहर्ट्झचा वायफाय बऱ्याचदा मान टाकतो. तिथपर्यंत लॅन वायर नेता येत असेल तर नेऊन ठेवा. टीव्हीचा लॅन पोर्ट साधा १०० एमबीपीएसचा असला तरी फोर-केला पुरतो.

थांबा: निम्म्याहून जास्त वेळ एसडी चॅनल, आणि एचडी पॅक घ्यायचा नाही असं घरचं मत असेल, तर ५५ किंवा ६५ घेऊ नका. ४३ घ्या आणि वाचलेले पैसे पुढच्या टप्प्यात वापरा.

## टप्पा ३: चाळीस हजार म्हणजे चाळीस हजारांचा टीव्ही नव्हे

एकूण रकमेतले दहा-पंधरा टक्के आधीच बाजूला काढा. ते कुठे जातात? फिरणारा किंवा झुकणारा ब्रॅकेट (कंपनीचा मोफत मिळाला तरी तो बहुधा भिंतीला घट्ट चिकटणारा असतो), एचडीएमआय केबल, चांगला स्पाइक गार्ड, प्लग पॉइंट सरकवायचा असेल तर इलेक्ट्रिशियन. आवाज हा खर्चाचा वेगळाच विषय आहे. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात. हॉलमध्ये पंखा फुल, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, आणि संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज चाळीसवर. एखादा साधा साउंडबार नंतर घेऊ असं ठरवलंत तरी त्याची जागा आणि पोर्ट आत्ताच धरा.

वाढीव वॉरंटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पॅनलला धरून असेल आणि खुद्द कंपनीची असेल तर घ्या. पॅनल गेलं की दुरुस्तीचा खर्च बहुधा टीव्हीच्या निम्म्या किमतीपुढे जातो. दुकानाची स्वतःची किंवा तिसऱ्याच संस्थेची योजना असेल तर बारीक अक्षरं वाचल्याशिवाय सही नको. "बाह्य इजा वगळून" या तीन शब्दांत सगळं गेलेलं असतं.

"नो-कॉस्ट ईएमआय" म्हणजे अगदी शून्य खर्च नव्हे. व्याजाइतकी सूट आधी दिली जाते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच कार्डावर येते. रक्कम छोटी असते, तरी दोन ऑफर बरोबरीच्या असतील तर तीच निकाल लावते.

जुन्या किमतींशी तुलना करताना एक तारीख लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या किमतीवर "इतके हजार कमी" असं कोणी दाखवत असेल तर त्यातली काही सूट सरकारी आहे, दुकानदाराची नाही.

## टप्पा ४: खोक्यावरची यादी कशी वाचायची

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून सावकाश. यादी वरून खाली वाचायची नाही. खालच्या क्रमाने वाचायची.

१. रिझोल्यूशन. पॅनलच्या ओळीत ३८४० × २१६० असंच लिहिलेलं हवं. "फोर-के सपोर्ट" किंवा "फोर-के व्हिडिओ चालतो" याचा अर्थ एवढाच की फाइल उघडते. पडदा फुल एचडीचा किंवा त्याहूनही कमी असू शकतो. अनोळखी नावाच्या स्वस्त टीव्हींत ही पळवाट नेहमीची.

२. पॅनलचा प्रकार. व्हीए की आयपीएस. व्हीएचा काळा रंग गडद असतो, कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्यातला फरक) साधारण ३०००:१ किंवा वर. समोरून बघायला आणि रात्री दिवे मालवून सिनेमा बघायला हाच बरा. पण बाजूला सरकलात की रंग धुतल्यासारखे होतात. आयपीएस बाजूनेही ठीक दिसतो, मात्र कॉन्ट्रास्ट हजाराच्या आसपास, म्हणून अंधारातलं काळं राखाडी दिसतं. कुठला "चांगला" हा प्रश्नच चुकीचा; तुमच्या कागदावर दिवाण कुठे आहे हा प्रश्न बरोबर. मी स्वतः इथेच चुकलो होतो. चाचण्या वाचून, कॉन्ट्रास्ट बघून व्हीए घेतला. आई दिवाणावर, पडद्याला जवळजवळ पंचेचाळीस अंशांत बसते. दुसऱ्या दिवशी तिचा प्रश्न, "याचा रंग उडलाय का रे?" शेवटी फिरणारा ब्रॅकेट आणला, आणि आता रोज संध्याकाळी टीव्ही आईकडे तोंड करून बसतो, आम्ही बाजूने बघतो. कंपन्या हा प्रकार खोक्यावर क्वचितच छापतात. दुकानात कोनातून बघून ओळखता येतो, ते पाचव्या टप्प्यात.

३. उजेड. मोजमाप निट्समध्ये. बजेटमधले बरेच टीव्ही अडीचशे ते साडेतीनशे निट्सचे असतात. दिवसा उजेडाच्या हॉलमध्ये यातला वरचा आकडा शोधा. छापलेलाच नसेल तर तो कमी आहे असं धरून चाला.

४. एचडीआर, डॉल्बी व्हिजन वगैरे, म्हणजे उजळ भाग जास्त उजळ आणि गडद भाग जास्त गडद दाखवणारे चित्राचे प्रकार. यासाठी जास्त पैसे देऊ नका. एचडीआरचं बरंचसं साहित्य हजार निट्सचा उजेड डोळ्यापुढे ठेवून तयार केलेलं असतं. तीनशे निट्सचा टीव्ही तो सिग्नल समजून घेतो, दाखवू शकत नाही. कधी कधी उलट चित्र अंधारं होतं.

५. क्यूएलईडी. हा ओएलईडी नव्हे; ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. साध्या एलसीडी पडद्यामागे रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर. रंग खरंच खुलतात, काळं गडद होत नाही. फरक दोन-तीन हजारांचा असेल आणि उजेड, पोर्ट, सर्व्हिस सगळं सारखं असेल तर घ्या. फक्त या शब्दासाठी मोठ्या नावाचा टीव्ही सोडू नका, आणि मोठ्या नावासाठी हा शब्दही सोडू नका. दोन्ही टोकं चुकतात.

६. रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो. "मोशन १२०", "क्लियर २४०" हे कंपन्यांनी स्वतः बनवलेले आकडे. खरा पॅनल या बजेटमध्ये बहुधा ६० हर्ट्झचा. क्रिकेट आणि मालिकांना तो पुरतो. नवा गेमिंग कन्सोल जोडायचा असेल तरच १२० हर्ट्झ आणि एचडीएमआय २.१ शोधा.

७. पोर्ट. एचडीएमआय तीन हवेत: सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, आणि लॅपटॉप किंवा ओटीटीची स्टिक. त्यातल्या एकावर एआरसी किंवा ईएआरसी छापलेलं असतं. साउंडबार तिथेच जोडायचा. पोर्ट बाजूने उघडतात की थेट मागे, तेही बघा. थेट मागे असतील आणि टीव्ही भिंतीला चिकटला तर केबल घालायला टीव्ही उतरवावा लागतो.

८. मेमरी आणि प्रणाली. गूगल टीव्ही असेल तर किमान २ जीबी रॅम आणि १६ जीबी साठा. ८ जीबी साठ्याचा टीव्ही वर्षभरात "जागा संपली" म्हणू लागतो. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या प्रणाली कमी रॅममध्येही बऱ्या चालतात. तिथे तुमची अॅप्स आहेत का एवढं तपासा. अगदी स्वस्त टीव्हींत मोबाइलचंच अँड्रॉइड टाकून "स्मार्ट" म्हणून विकतात. ओळखायची खूण: नेटफ्लिक्स अॅप स्टोअरमधून सरळ उतरत नाही, किंवा उतरलं तरी चित्र धूसरच राहतं.

९. सर्व्हिस. तालुक्याच्या गावी राहत असाल तर ही ओळ मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन. टीव्ही घेण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा, तुमचा पिनकोड सांगा आणि विचारा: तंत्रज्ञ कुठून येतो, किती दिवसांत येतो, पॅनल बदलायचं तर टीव्ही कुठे न्यावा लागतो. विकत घेण्याआधी फोन उचलत नसतील तर नंतर काय उचलणार!

तपासा: निवडलेल्या मॉडेलचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या. पहिले दोन आकडे इंच सांगतात, पुढची अक्षरं मालिका आणि वर्ष. एका अक्षराच्या फरकाने पॅनल, रॅम किंवा पोर्ट बदललेले असतात. ऑनलाइनचा "तोच" टीव्ही आणि दुकानातला "तोच" टीव्ही हे अनेकदा दोन वेगळे टीव्ही असतात.

## टप्पा ५: दुकानात पंधरा मिनिटं

ऑनलाइनच घ्यायचा ठरला असला तरी तो किंवा त्याच्या जवळचा मॉडेल एकदा डोळ्यांनी बघा. जाताना पेनड्राइव्हमध्ये स्वतःचा व्हिडिओ न्या: अंधारातला एखादा प्रसंग, क्रिकेटचा तुकडा आणि घरच्या लग्नाचं शूटिंग. नातेवाइकांच्या चेहऱ्यांचा खरा रंग आपल्याला माहीत असतो, म्हणून लग्नाचं शूटिंग सगळ्यात उपयोगी.

क्रम असा ठेवा:

1. रिमोट हातात घ्या आणि टीव्ही दुकानाच्या डेमो मोडमधून होम मोडवर आणायला सांगा. भडक निळे-हिरवे रंग तिथेच अर्धे उतरतात.
2. आपला व्हिडिओ लावा. अंधाऱ्या प्रसंगात काळे कपडे आणि काळी भिंत वेगळे दिसतात का?
3. तीन-चार पावलं बाजूला जा. रंग फिके झाले तर व्हीए, फारसा फरक नाही तर बहुधा आयपीएस.
4. एखादा एसडी चॅनल लावायला सांगा. विक्रेता टाळाटाळ करेल, तुम्ही टाळू नका.
5. यूट्यूब उघडा, होम दाबा, परत यूट्यूबवर या. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद अडकत असेल तर दोन वर्षांनी काय होईल याचा अंदाज करा.
6. आवाज साठवर न्या. प्लॅस्टिकची खरखर येते का?
7. रिमोट घरातल्या ज्येष्ठांच्या नजरेने बघा. आकड्यांची बटणंच नसलेले रिमोट आता बरेच आहेत.

बाजूला जास्त चकचकीत टीव्ही लावून "हा बघा सर, फरक" म्हणणं हा जुनाच डाव. तुलना करायची तर दोन्ही टीव्ही होम मोडवर आणि दोन्हींवर तुमचाच पेनड्राइव्ह.

## टप्पा ६: पैसे भरताना

बँकेची सूट धरून आणि न धरून, जुन्या टीव्हीचा एक्स्चेंज धरून आणि न धरून, अशा किमती वेगवेगळ्या लिहून घ्या. एक्स्चेंजमध्ये "जुन्याचे पाच हजार" देऊन नव्याची मूळ किंमत चढवलेली असू शकते.

बिलावर मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक दोन्ही हवेत. बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आणि ती कुणाकडून, दुकानाकडून की कंपनीकडून, ते बिलावरच लिहून घ्या. तोंडी "मी आहे ना" याला काही किंमत नाही.

थांबा: नव्या फ्लॅटचा ताबा मिळायचा असेल तर ऑफरच्या मोहाने टीव्ही आधी घेऊन ठेवू नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालू होते आणि बदलून द्यायची मुदत काही दिवसांचीच असते. ओळखीच्या एका कुटुंबाने दिवाळीत घेतलेलं खोकं फेब्रुवारीत उघडलं. पडद्यावर डावीकडून उभी रेघ. फुटलं कधी, कुणाच्या हातून, हे कोणीच सिद्ध करू शकलं नाही.

## टप्पा ७: टीव्ही घरी येतो तो दिवस

कामाचा दिवस असेल तर सुट्टी काढा, किंवा ज्याला हे सगळं समजतं असा माणूस घरी ठेवा.

खोकं आडवं पडून आलं असेल, कोपरा दबलेला किंवा ओला असेल, तर ओटीपी देण्याआधी फोटो काढा आणि घ्यायचं की परत पाठवायचं ते तिथेच ठरवा. काही कंपन्यांची अट असते की खोकं त्यांच्याच माणसाने उघडायचं. ती आधी वाचून ठेवा. कोणीही उघडलं तरी मोबाइलवर एकसंध व्हिडिओ घ्या: सील, खोक्यावरचा सिरियल क्रमांक, टीव्हीच्या मागचा सिरियल क्रमांक, आणि चालू झालेला पडदा. मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ वादात टिकत नाही.

पॅनलचा तडा बंद पडद्यावर दिसेलच असं नाही. भिंतीवर चढवण्याआधी टीव्ही गादीला टेकवून उभा करा, प्लग लावा, आणि यूट्यूबवर लाल, हिरवा, निळा, पांढरा, राखाडी, काळा असे पूर्ण रंगांचे व्हिडिओ एकेक करून लावा. पांढऱ्यावर काळे ठिपके, राखाडीवर मळकट डाग, काळ्यावर (खोलीत अंधार करून) कडेने झिरपणारा उजेड. कोपऱ्यांत थोडा उजेड या किमतीत असतोच, त्यावरून भांडू नका. मधोमध ढगासारखा पट्टा असेल तर भांडा, आणि त्याच दिवशी तक्रार क्रमांक घ्या. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. बिल आणि व्हिडिओ हाताशी ठेवा.

## टप्पा ८: भिंतीवर चढवणं

सगळ्यात सर्रास चूक उंचीची. कॅलेंडर टांगावं तसा टीव्ही टांगतात, आणि महिन्याभरात मान धरते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १०५ सेंटिमीटरवर असतात. पडद्याचा मध्य तिथेच हवा. ५५ इंचीसाठी याचा अर्थ खालची कड जवळपास ७० सेंटिमीटरवर. घरात जमिनीवर बसून जेवता जेवता बघायची पद्धत असेल तर मध्य आणखी दहा सेंटिमीटर खाली घ्या. बसवणारा माणूस घाईत असतो आणि त्याच्या उभ्या नजरेने खूण करतो. खूण तुम्ही बसून करा.

भिंत कशाची आहे ते त्याला आधी सांगा. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत साधी प्लॅस्टिकची गिट्टी आणि स्क्रू धरतात. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधी गिट्टी काही महिन्यांत सैल होते. तिथे ब्लॉकसाठीचे लांब अँकर लागतात, आणि ते त्याच्या पिशवीत नसतात. आदल्या दिवशीच हार्डवेअरच्या दुकानातून आणून ठेवा. ओळखायचं कसं? ड्रिल लावल्यावर लालसर भुगा आला तर वीट, पांढरा-करडा भुसभुशीत भुगा आला आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर ब्लॉक. पीओपीच्या पार्टिशनवर थेट लावूच नका. मागे प्लायवूडचा आधार हवा.

कोकणात किंवा वरच्या मजल्यावर पावसाळ्यात ओल येणारी भिंत असेल तर ती टाळा. टळत नसेल तर भिंत आणि टीव्ही यांत हवा खेळती राहील असा ब्रॅकेट घ्या.

तपासा: चढवण्याआधीच एचडीएमआय, लॅन, डिशची केबल सगळं जोडून घ्या, आणि ब्रॅकेट बसल्यावर खालून हलकं ओढून बघा. प्लास्टरची भुकटी पडली तर काम पुन्हा करायला लावा.

## टप्पा ९: पहिल्याच संध्याकाळी बदलायच्या सेटिंग्ज

यात दहा मिनिटं जातात आणि चित्र एका इयत्तेने वर जातं.

पिक्चर मोड "सिनेमा", "मूव्ही" किंवा "फिल्ममेकर" करा. पहिल्या दिवशी पिवळट वाटेल; दोन दिवस थांबा, मग परत व्हिव्हिडवर जावंसं वाटणार नाही. शार्पनेस खाली आणा. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) सिनेमा-मालिकांसाठी बंद, मॅचसाठी हवं तर थोडं. एसडी चॅनल असतील तर नॉइज रिडक्शन मध्यमवर. चित्राच्या कडा कापल्या जात असतील (बातम्यांच्या खालची पट्टी अर्धी दिसते ती) तर आकारमानात "जस्ट स्कॅन" किंवा "फिट टू स्क्रीन" शोधा. फोर-के स्टिक किंवा कन्सोल जोडलेल्या पोर्टचं एचडीएमआय सेटिंग "एन्हान्स्ड" वर न्या. मूळचं ते बहुधा साध्यावर असतं. तुम्ही काय बघता याची माहिती पाठवायची परवानगी टीव्ही सुरुवातीला मागतो, तिथे नाही म्हणा. यूट्यूबवर मुलांसाठी वेगळं प्रोफाइल आत्ताच करा, नंतर राहून जातं.

स्टॅबिलायझरबद्दल हमखास विचारतात. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर शहरात वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज नसते. अर्थिंग असलेला प्लग आणि स्पाइक गार्ड पुरतो. गावाकडे व्होल्टेज अचानक चढत असेल तर मात्र घ्या. आणि मे महिन्यात वळवाचं आभाळ भरून आलं की नुसता प्लग काढून भागत नाही. वीज छतावरच्या डिशच्या केबलमधूनही येते. ती केबल बॉक्सच्या मागून काढून बाजूला ठेवायची.